ओळखीच्या वाटेवरचा चकवा

आमच्या आजोळी, कोकणात, चकव्यावर अविश्वास दाखवणारा मनुष्य मी लहानपणी पाहिला नाही. रात्री पायाखालच्या वाटेने घरी निघालेला माणूस तास न् तास चालतो आहे आणि फिरून फिरून त्याच आंब्याखाली येऊन उभा राहतो आहे. झाले, त्याला चकवा लागला! आजीपाशी यावर उतारा होता. जागच्या जागी खाली बसावे, देवाचे नाव घ्यावे आणि तांबडे फुटू द्यावे. उजाडल्यावर पाहावे तो घर हाकेच्या अंतरावर असते.

शहरात आल्यावर चकव्याने आपला नाद सोडला, अशी आपली समजूत. रस्त्यावर दिवे आले, पाट्या आल्या, खिशातल्या फोनमधली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणून सांगू लागली. आता कोण कशाला वाट चुकतो? पण भर दुपारी, पुण्याच्या भरवस्तीत, पन्नास वर्षे ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्यावर चकवा लागणारी माणसे आहेत, आणि त्यांना उजाडण्याची वाट पाहत बसवण्यात अर्थ नसतो. त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे. एरवी या सदराला दीड रकाना मिळतो. दिवाळी अंकात संपादकांचा हात जरा सैल असतो, म्हणून हा विषय मुद्दाम राखून ठेवला होता.

माझे मामा १९६८ साली नोकरीसाठी पुण्यास आले आणि सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीच्या आसपास बिऱ्हाड करून राहिले ते आजतागायत. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. रोज सकाळी पिशवी घेऊन मंडईत जायचे, भाजीवाल्यांशी हुज्जत घालायची आणि रुपया वाचवल्याच्या आनंदात परत यायचे, हा त्यांचा नेम. २०२३ सालच्या पावसाळ्यात मेट्रोच्या कामासाठी त्यांचा नेहमीचा रस्ता पत्रे ठोकून अडवलेला होता. परत येताना मामांना वळसा घ्यावा लागला. एक बोळ घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. सकाळी नऊला बाहेर पडलेला माणूस दुपारी दोन वाजता नाना पेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसलेला सापडला, म्हणजे घराच्या अगदी उलट दिशेला. पिशवीतली मेथी पार सुकून गेली होती. "वाट मी नाही रे चुकलो," मामा मला म्हणाले, "रस्त्यांनीच जागा बदलल्या."

घरातल्यांना हे खरे वाटेना. माझा मामेभाऊ म्हणाला, "बाबांना काय धाड भरली आहे? विजेचे बिल स्वतः भरतात, पेपरातले शब्दकोडे सोडवतात, मला बँकेच्या व्याजाचे हिशेब शिकवतात. उगाच कुठेतरी गप्पा मारत बसले असतील." मामी मात्र काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत याचे कारण मला पुढे कळले. गेली दोन वर्षे मामांनी एकेक वाट गुपचूप सोडून दिली होती. पर्वती चढणे बंद झाले, कारण गुडघे. डेक्कनवरच्या मित्रमंडळींकडे जाणे बंद झाले, कारण रहदारी फार. एका लग्नात हात धुवायला म्हणून उठले ते पंगतीत परत आलेच नाहीत. दुसऱ्याच मजल्यावरच्या, दुसऱ्याच लग्नात, ओळखीचा चेहरा शोधत उभे होते. मामींनी त्यांना हळूच हाताला धरून आणले आणि कुणाला सांगितले नाही. गुडघे खरोखरच दुखत होते की नाही देव जाणे. पण आपली वाट हरवते हे सांगण्यापेक्षा आपले गुडघे दुखतात हे सांगणे कुठल्याही भल्या माणसाला सोपे जाते.

डॉक्टरांनी तपासले आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितले : माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. थोडक्यात एमसीआय. आपण त्याला बुद्धीची सौम्य घसरण म्हणू. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हे. माणसाचा नित्यव्यवहार चाललेला असतो, पैशाअडक्याचे कळते, चहा करता येतो. पण स्मरणशक्ती किंवा बुद्धीचा एखादा भाग वयाच्या मानाने जास्त मागे पडलेला असतो आणि तो चाचणीत दिसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ साली याची लक्षणे पद्धतशीर मांडली, तेव्हापासून हे नाव सर्वत्र रुळले. विसरण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या अशा शंभर माणसांपैकी साधारण दहा ते पंधरा जणांना दरसाल पुढे स्मृतिभ्रंश होतो. पण पुष्कळ जण वर्षानुवर्षे तिथल्या तिथे राहतात, आणि काहींची तर गाडी पुन्हा रुळावर येते. नाव ऐकताच घरात सुतक धरण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. स्मरणशक्ती म्हटली की आपल्याला नावे आठवतात, तारखा आठवतात, चष्मा कुठे ठेवला ते आठवते. वाट सापडणे ही काही स्मरणशक्तीची गोष्ट आहे असे आपण समजतच नाही. ती पायांची गोष्ट वाटते. वास्तविक आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे. 'दिशाभूल' हा शब्द पाहा. आज तो जाहिरातदारांना आणि पुढाऱ्यांना आंदण दिला आहे; पण मुळात त्याचा अर्थ सरळ आहे : दिशांची भूल पडणे.

मनुष्य वाट दोन रीतींनी काढतो. पहिली वहिवाटीची रीत. घरातून निघायचे, गिरणीपाशी डावीकडे, मारुतीपाशी उजवीकडे, मग सरळ. इथे डोके फारसे लागत नाही. एका खुणेने दुसरी खूण आठवते आणि पाय आपोआप वळतात. बैल गाडी घेऊन मालकाविना घरी येतो तसे. दुसरी नकाशाची रीत. गावाचे एक चित्र डोक्यात पसरलेले असते. मंडई कुठे, नदी कुठे, माझे घर त्यांच्या कोणत्या अंगाला, हे एकदमच ठाऊक असते. म्हणून एक रस्ता बंद झाला तर दुसरा काढता येतो. ज्या बोळातून आयुष्यात गेलो नाही त्या बोळातूनही घराकडे तोंड करता येते. सौम्य घसरणीत पुष्कळदा ही दुसरी रीत आधी दगा देते आणि पहिली कितीतरी काळ शाबूत राहते. मामा वर्षानुवर्षे मंडईत जात-येत होते ते वहिवाटीवर. पत्रे आडवे आले, नकाशा उघडावा लागला, आणि पाहतात तो नकाशाच्या घड्या फाटलेल्या.

म्हणून "ते रोज एकटे जातात आणि एकटे येतात" हा पुरावा कच्चा आहे. माणूस नव्या जागी काय करतो, परतीच्या वाटेवर काय करतो, वळसा पडला तर काय करतो, हे पाहिले पाहिजे.

डोक्यात नकाशा असतो ही गोष्ट शास्त्रज्ञांना उंदरांनी शिकवली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली असे मांडले, की भुलभुलैयात सोडलेला उंदीर नुसती वळणे पाठ करीत नाही, तो जागेचे चित्र मनात बनवतो. पुष्कळांनी तेव्हा नाके मुरडली. मग १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की उंदीर खोलीच्या एका ठराविक जागी आला की त्यातली एक ठराविक पेशी जागी होते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. या स्थानपेशी. त्या ज्या भागात असतात त्याचे नाव हिप्पोकॅम्पस. ग्रीक भाषेत याचा अर्थ समुद्रघोडा, आणि तो भाग दिसतोही तसाच. पुढे २००५ साली नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या जोडप्याने त्याला लागूनच असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाच्या भागात जाळीपेशी शोधल्या. शाळेतल्या आलेखाच्या कागदावर चौकोन असतात तशी ही पेशींची जाळी जमिनीवर जणू रेघा आखते. फरक एवढाच की तिचे घर षट्कोनी असते, मधाच्या पोळ्यासारखे. तिघांना मिळून २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यात आमच्या मामांचे काय, असे वाचक विचारतील. सांगतो. १९९१ साली जर्मनीतील हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने मरणोत्तर मेंदू तपासून दाखवले, की अल्झायमरच्या रोगात पेशींमध्ये ज्या गाठी होतात त्या कुठूनही सुरू होत नाहीत. ठराविक क्रमाने पसरतात. आणि मेंदूच्या सालीत त्यांचा पहिला मुक्काम असतो नेमका या एन्टोऱ्हायनल भागाच्या कडेला. तिथून त्या समुद्रघोड्यात शिरतात. ज्या घरात नकाशे ठेवलेले, त्याच घराला वाळवी आधी लागते! नावे आणि तारखा बुजू लागण्याच्या सुमारास, कधी त्याच्याही आधी, वाट का हरवते, याचे उत्तर इथे आहे.

हे कागदावर ठीक. पण जिवंत माणसात ते दिसते का? प्रागमध्ये याकूब होर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जेमतेम तीन मीटर व्यासाचा एक गोल तंबू. आत एक लपवलेली जागा शोधायची. कधी आपण जिथून निघालो त्या ठिकाणाच्या आधाराने, कधी फक्त तंबूच्या भिंतीवरील खुणांच्या आधाराने. ज्यांना स्मरणशक्तीची सौम्य घसरण होती ती माणसे खुणांवरून जागा काढताना अडखळली. त्यांच्यातल्या काहींचे तर अल्झायमरच्या रोग्यांसारखेच झाले. आणि ही माणसे घरी राहून आपापले व्यवहार पाहणारी होती बरे का! केंब्रिजच्या डेनिस चॅन यांच्या मंडळींनी २०१९ साली याहून साधी परीक्षा घेतली. डोळ्यांवर आभासी दृश्याचा चष्मा चढवायचा, एका खुणेपासून दुसरीकडे चालत जायचे, तिथून वळून तिसरीकडे, आणि मग खुणा नाहीशा झाल्यावर पुन्हा पहिल्या जागी येऊन उभे राहायचे. अंगणातला पोरांचा खेळच म्हणा ना. सौम्य घसरण असलेली माणसे यात जास्त चुकली, आणि ज्यांच्या पाठीच्या कण्यातील पाण्यात अल्झायमरची चिन्हे होती ती सर्वांत जास्त.

हे वाचल्यावर मी मामांना एकदा सहज विचारले, "मामा, तुमच्या दारातून मंडईकडे कसे जायचे?" त्यांनी वळण न् वळण सांगितले, मधल्या पाट्यांसकट. मग विचारले, "आत्ता इथे बसल्या बसल्या मंडई कुठल्या दिशेला आहे, बोट दाखवा बघू." मामांनी हात उचलला, भिंतीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि हात खाली घेतला. "अगं, चहा झाला का?" असे त्यांनी मामींना विचारले. मी पुढे काही विचारले नाही.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची हकीगत इथे सांगितलीच पाहिजे. तिथे परवाना मिळवायचा तर चेअरिंग क्रॉसच्या भोवतालच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात. त्यात तीन-चार वर्षे सहज जातात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा समुद्रघोड्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. आणि जितकी वर्षे टॅक्सी हाकलेली तितका तो जास्त मोठा. म्हणजे नकाशाच्या या घराला वापराने खोल्या वाढतात! २०२४ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याचीच पुढची कडी आली. अमेरिकेतील मृत्यूच्या दाखल्यांवरून ४४३ व्यवसायांची तुलना केली, तेव्हा अल्झायमरने मरण पावलेल्यांचे प्रमाण टॅक्सीवाले आणि रुग्णवाहिकेचे चालक यांच्यात सर्वांत कमी आढळले, वयाचा हिशेब करूनही. मौजेची गोष्ट अशी की बसचालक आणि विमानचालक यांच्यात तसे दिसले नाही. त्यांची वाट ठरलेली, वहिवाटीची! अर्थात यावरून टॅक्सी चालवा आणि अल्झायमर टाळा असे कुणी समजू नये. ज्यांना मुळातच दिशांचे भान चांगले असते तीच माणसे त्या धंद्यात टिकत असतील. शास्त्रज्ञही इथे सावध आहेत. सावध नसतात ते आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे वैद्य.

पेठेतल्या वाचकांसाठी एक गोड बातमी मात्र देऊन टाकतो. २०२२ साली एका संगणकखेळातून जवळजवळ चार लाख माणसांची वाट काढण्याची हातोटी पाहिली गेली. शिकागोसारख्या काटकोनात आखलेल्या शहरात वाढलेल्यांपेक्षा वेड्यावाकड्या रस्त्यांच्या मुलखात वाढलेली माणसे सरस निघाली. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती आणि डुल्या मारुती यांच्या आधाराने लहानाचे मोठे झालेल्यांनी यावर कॉलर ताठ करण्यास माझी हरकत नाही. पुण्याचा समावेश त्या खेळात किती होता हे मात्र मला विचारू नये.

आता मामांच्या घरी पुढे काय झाले ते. मामेभावाने पहिला हुकूम काढला : बाबांनी एकटे बाहेर पडायचे नाही. प्रेमापोटीच काढला. रस्त्यातली वाहने पाहता त्याला दोष तरी कसा द्यावा? पण चार दिवसांत मामांचे तोंड उतरले. जेवण कमी झाले, दुपारची झोप वाढली, रात्रीची गेली. माणसाला आणि त्यातून पुरुषमाणसाला (मामी माझ्याशी सहमत आहेत) घराबाहेर काही काम नसले की तो घरात अडगळ होतो आणि ते त्याला कळते. जी वहिवाट अजून शाबूत आहे ती बंद करून काय साधणार? डॉक्टरही असेच म्हणाले. मग तडजोड झाली. मंडईचा नेम चालू. जाण्या-येण्याचा रस्ता एकच, बदल नाही. खिशात नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद. फोन गळ्यात, आणि तो कुठे आहे हे मुलाला आपल्या फोनवर दिसते. रस्ता बंद दिसला तर पुढे जायचे नाही. ओळखीच्या नारळवाल्यापाशी बसायचे आणि घरी फोन करायचा. म्हणजे पाहा, आजीचाच उतारा झाला. वाटेवरच्या चार दुकानदारांना मामींनी स्वतः जाऊन सांगून ठेवले. मामांना ते आवडले नाही. दोन दिवस बोलत नव्हते.

डॉक्टरांनी रक्त तपासले. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. शाकाहारी घरांत हे वारंवार आढळते. त्याची इंजेक्शने चालू आहेत. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, कमी झालेले ऐकू येणे, यांपैकी कशानेही बुद्धीवर सावट येते आणि यांतल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने असे १४ धोके मोजून सांगितले, की ते सगळे दूर करता आले तर जगातील ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल. आपल्या देशात साठीच्या पुढील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. आणि आपण अजून 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतो आणि कान तपासून घ्यायला लाजतो.

यापेक्षा मोठे संकट वेगळ्याच दाराने आले. मामांची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षे दुसरीकडे राहायचे. मामेभावाचा शहराबाहेर अकराव्या मजल्यावर मोठा फ्लॅट आहे. हवा चांगली, खाली बाग, उद्वाहक चार. त्याला वाटले, झाली सोय. मी पहिल्यांदाच त्याच्याशी कडाक्याने भांडलो. त्या वसाहतीत सात इमारती आहेत आणि सातही एका साच्यातल्या. प्रत्येक मजल्यावर चार दारे, चारी एका रंगाची. मला स्वतःला तिथे मोबाइलवर विचारत विचारत जावे लागते. ज्याचा नकाशा फाटला आहे आणि ज्याच्यापाशी फक्त वहिवाट उरली आहे, त्याची वहिवाटच काढून घेतली तर त्याने उभे कशावर राहायचे? गावाकडच्या आईबापांना "आता तुम्ही आमच्याकडेच या" म्हणून उचलून आणणारी मुले, आणि सहा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला नेणारी मुले, यांनी हे आधी समजून घेतले पाहिजे. नव्या घरी आल्यावर "आई एकदम खचली" असे म्हणतात. पुष्कळदा ती आधीपासूनच जुन्या घराच्या भिंतींना धरून चालत असते.

शेवटी मामींनी निकाल दिला. दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली. भाडे ऐकून मामेभाऊ मटकन खाली बसला. दारावर मामांच्या हातची जुनी पाटी लावली, आत कॉट, घड्याळ आणि देव्हारा यांच्या दिशा होत्या तशा ठेवल्या. न्हाणीघराच्या दारावर मामींनी लाल पंचा टांगून ठेवला आहे. तिथून मंडईची वाट नवी शिकवायची होती. मामी महिनाभर रोज बरोबर गेल्या, पहिले आठ दिवस पुढे, मग शेजारी, मग दहा पावले मागे. आता मामा एकटे जातात. एकदा चुकले होते. नारळवाल्याचा फोन आला.

नव्या इमारतीचा आराखडा सोसायटीपुढे आला, तेव्हा मामींच्या वतीने मी एक अर्ज दिला. दहाही मजल्यांचे जिने आणि दारे एकाच पांढुरक्या रंगाची आहेत, त्याऐवजी मजल्यागणिक रंग वेगळा द्यावा आणि दारापाशी प्रत्येकाला हवी ती खूण लावू द्यावी. खर्च फारसा नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, एकसारखेपणाने इमारतीला भारदस्तपणा येतो. एका सभासदांनी विचारले, हे म्हातारपण सगळ्यांनाच येणार आहे काय? त्यांचे वय एकाहत्तर. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर गेला आहे. ती दिवाळीनंतर आहे.